पाचजण उठून जातील, तुम्ही बसून राहा

पागोटं आधीच बांधून ठेवलेलं घ्या. स्वतः बांधायला गेलात तर टांग्यातच सुटेल. अंगरखा, उपरणं, पायांत जोडे. चष्मा असला तर चालेल, गोखल्यांनाही आहे. खिशात रुपये राणीछापच ठेवा. राणी जानेवारीत वारली, पण नव्या राजाचा चेहरा नाण्यांवर यायला अजून अवकाश आहे, आणि १९०१ च्या ऑगस्टात पुणे स्टेशनाबाहेर एडवर्डछाप रुपया काढून तुम्ही टांगेवाल्याशी हुज्जत घालावी अशी माझी इच्छा नाही.

‘कौन्सिल हॉल’ एवढंच सांगा. चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण रस्ताभर चिखल आहे. वाटेत प्लेगचा विषय काढू नका. या गावात त्या नावाबरोबर अजून दोन गोष्टी आठवतात, घराघरांत शिरलेले सोजीर आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला प्लेग अधिकारी रँडचा खून. त्यांवर अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. उंच मनोऱ्याची इमारत दिसली की उतरा. तुमच्या काळात या आवारात विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. जमिनीच्या कामासाठी कधी हेलपाटे घातले असतील तर फाटकाशी पोचताच पाय आपोआप जड होतील. होऊ द्या. आजचं कामही जमिनीचंच आहे.

मुंबई इलाख्याचं सरकार ऋतूप्रमाणे फिरतं: थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणं. कायदेही त्याच्याबरोबर फिरतात. आज ज्या बिलावर चर्चा आहे ते मे महिन्यात महाबळेश्वरी मांडलं गेलं. त्याच दिवसांत खाली देशावर शेतकरी बी-बियाण्याची तजवीज करत सावकाराच्या ओसरीवर बसला होता. मे ते ऑगस्ट एवढ्यात ते मंजुरीला आलंसुद्धा. तुमच्या विधिमंडळात गोंधळाच्या आवाजात पाच मिनिटांत विधेयकं संमत होतात, तेव्हा तीन महिने तुम्हाला काही कमी वाटायचे नाहीत. पण इथल्या लोकांना ही घाई वाटते आहे.

दारावरच्या पट्टेवाल्याला प्रवेशाची चिठ्ठी दाखवा. चाळिशीकडे झुकलेला माणूस आहे, कमरेला पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. तुम्ही सवयीने “अहो, कुठून जायचं?” म्हणता आणि तो दचकून आधी मागे बघतो. तुमच्यासारख्या पोशाखाच्या माणसाने त्याला ‘अहो’ म्हणण्याची रीत नाही. “असं वर जावा रावसाहेब,” तो म्हणतो, आणि मग त्या एका ‘अहो’पोटी असेल, हळूच विचारतो, “सरकार जमिनी घेणार म्हणत्यात, खरं हाय का?”

गाव विचारा. सुप्याकडचा आहे, भीमथडीतला. सुपं म्हटल्यावर तुम्हाला १८७५ आठवायला हवं. त्या मे महिन्यात बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि कर्जरोखे, खातेवह्या बाहेर काढून जाळल्या. याला त्या वेळी मिसरूड फुटायचं होतं. धूर बघितल्याचं सांगतो. “कागद जळलं,” तो म्हणतो, “कर्ज काय जळलं न्हाई.” त्याचे दोन भाऊ गावी जमीन बघतात. निम्मी जमीन गहाण आहे, आणि दुष्काळाच्या दोन्ही सालचा सारा थकलेला आहे.

हा माणूस लक्षात ठेवा. आत जे चाललं आहे ते त्याच्याविषयी आहे, आणि आत असा एकही माणूस नाही.

आता खुर्चीवर बसा. कोण कुठला ते सांगतो.

मधल्या मोठ्या खुर्चीत गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट. त्यांच्या जवळ कार्यकारी मंडळातले गोरे सभासद. त्यांतले जेम्स मॉन्टीथ हे मुलकी खात्याचे, आणि आजचं बिल त्यांचं. पुढे सरकारी अधिकाऱ्यांची रांग. त्यांच्यापैकी काहींनी उभा जन्म जमाबंदीच्या दौऱ्यांत घालवला आहे. कुठल्या तालुक्यात काळी जमीन कुठवर आणि मुरमाड कुठून लागते हे त्यांना पाठ आहे. त्यांना मूर्ख समजू नका. ही चूक पुढच्या काळातल्या पुस्तकांनी पुष्कळ केली. पण हेही ध्यानात असू द्या की त्यांनी मत कोणाला द्यायचं ते ठरून आलेलं आहे. अधिकाऱ्याला सरकारविरुद्ध मत देता येत नाही. त्याला पटो न पटो, त्याचं मत मॉन्टीथसाहेबांच्या बाजूनेच पडणार.

उरलेले बिनसरकारी. १८९२ च्या कायद्याने इलाख्याच्या कौन्सिलात जादा सभासदांची संख्या विसापर्यंत नेली, आणि त्यांतले काहीजण नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ, व्यापारी मंडळ अशांनी सुचवायचे ठरलं. ‘निवडून’ हा शब्द कायद्यात कटाक्षाने टाळला आहे: संस्थांनी शिफारस करावी, गव्हर्नराने नेमणूक करावी. अशा नेमलेल्या पाहुण्याला प्रश्न विचारता येतो; उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नाही. अंदाजपत्रकावर भाषण करता येतं. मत देता येत नाही. आणि बिलावर मत देता येतं, पण बेरीज आधीच झालेली असते.

बिनसरकारी बाजूला सगळ्यांत ऐटीत बसलेले दिसतात ते फिरोजशहा मेहता, मुंबई महापालिकेचे. वय छप्पन्न, कपड्यांची घडी मोडलेली कधी कुणी पाहिली नाही, आवाज असा की कुजबुजले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणतात ते हेच. सहा वर्षांपूर्वी वरिष्ठ कौन्सिलात पोलीस बिलावर ते असे काही बोलले, की अर्थखात्याच्या वेस्टलंडसाहेबांनी या सभागृहात भलताच नवा वारा शिरल्याची तक्रार केली होती. त्यांच्याजवळ डॉक्टर सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, गेल्या वर्षीच ‘सर’ झालेले. त्यापुढे दाजी आबाजी खरे आणि गोकुळदास पारेख, दोघेही वकील. गुजरातेतल्या दुष्काळात सारावसुलीसाठी कशी जबरदस्ती झाली हे गाऱ्हाणं पारेखांनी सरकारच्या कानी घातलेलं आहे.

आणि ते कागदांच्या चळतीमागे पगडी घातलेले, पस्तिशीचे, प्रकृतीने नाजूक दिसणारे गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक आहेत. चार वर्षांपूर्वीपर्यंत मध्य विभागाच्या वतीने कौन्सिलात टिळक बसत. आता गोखले बसतात. शहरात गोखल्यांकडे बघून अजून काही लोक नाक मुरडतात. १८९७ साली विलायतेत असताना प्लेगच्या सोजिरांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून ते बोलले, परत आल्यावर पुरावा उभा राहीना, आणि त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. तेव्हापासून हा माणूस आकडा तीनदा तपासल्याशिवाय तोंड उघडत नाही. शिवाय जानेवारीत रानडे गेले. ज्यांना भाषण आधी वाचून दाखवायचं, ते गुरू आता नाहीत. समोरची चळत त्यामुळेच इतकी मोठी आहे.

मॉन्टीथ उभे राहतात. त्यांचं नीट ऐका, कारण त्यांचं म्हणणं सरळ उडवून लावण्यासारखं नाही.

लागोपाठचे दुष्काळ पडले, गुजरातेत तर गुरंसुद्धा उरली नाहीत. शेतसारा थकला. १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्याप्रमाणे सारा थकला की जमीन जप्त करून सरकारजमा करता येते. पण थकबाकीदार म्हणून ज्याचं नाव दप्तरात आहे तो बहुतेक ठिकाणी सावकार; नांगर धरणारा जुना मालक आता त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबतो. सरकारचं म्हणणं असं की अशी जमीन जप्त करू, थकबाकी सोडून देऊ, आणि ती जुन्या कसणाऱ्यालाच परत देऊ. फक्त एक अट घालू: कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही. म्हणजे सावकाराच्या घशात पुन्हा जायची नाही. याच वर्षी सर अँटनी मॅक्डोनल यांच्या दुष्काळ आयोगाने लिहून ठेवलं आहे की मुंबई इलाख्यातल्या निदान एक चतुर्थांश शेतकऱ्यांची जमीन हातची गेली आणि कर्जाशिवाय असलेले एक पंचमांशसुद्धा नाहीत. पंजाबात गेल्या साली जमीन बिगरशेतकऱ्याला जाऊ नये म्हणून कायदा झालाच आहे. मग इथे का नको?

आता तुम्ही पट्टेवाल्याच्या भावांचा विचार करता आणि मनात म्हणता, बरोबर तर आहे. तुमचं तसं वाटणं मला चुकीचं वाटत नाही. समोर बसलेले पाचजण सुशिक्षित, शहरात राहणारे. सावकारांशी, व्यापाऱ्यांशी त्यांचं उठणंबसणं आहे, आणि ते सावकारांची वकिली करतात हा टोमणा गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांतून त्यांना ऐकावा लागतोच आहे. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. जमिनीचं हस्तांतर मोकळं ठेवा म्हणणाऱ्याचा पहिला फायदा सावकाराला होतो, हे त्यांनाही कळत असणार.

पण गोखले बोलायला उभे राहिले की खुर्चीत जरा पुढे सरका.

आवाज मोठा नाही, हातवारे नाहीत. ते १८३६ पर्यंत मागे जातात, इंदापूरच्या मोजणीपर्यंत. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी तिथे जी पद्धत बसवली ती पुढे सगळ्या इलाख्यात गेली: शेताचे सर्व्हे नंबर पाडायचे, तीस वर्षांसाठी आकार ठरवायचा, आणि तो भरला जाईल तोवर कब्जेदाराने जमीन ठेवावी, विकावी, गहाण टाकावी किंवा राजीनामा द्यावा. सरकारने रयतेला दिलेलं हे वचन होतं. जमीन विकता येते म्हणून तिला किंमत आहे, आणि तिला किंमत आहे म्हणून रयतेला पत आहे. पत काढून घेतली तर वाईट सालात सारा भरायला, बैल घ्यायला पैसा येणार कुठून? सरकारी तगाईतून? ती किती जणांना मिळते आणि मिळेपर्यंत किती खेटे पडतात हे सभागृहाला ठाऊक आहे. सावकार हटवायचा असेल तर त्याच्या जागी पैसा देणारा दुसरा कुणीतरी उभा करावा लागतो. बिलात तसं काही नाही.

आणि मग कायद्याच्या पोटातली मेख. थोडा सारा थकला तरी सबंध जमीन जप्त होऊ शकते. जप्ती करावी की न करावी, हे कलेक्टरने ठरवायचं. जप्त झालेली जमीन सरकारची. ती कुणाला, किती मुदतीने, कोणत्या अटींवर द्यायची हेही कलेक्टरनेच ठरवायचं. आज अशी जमीन थोडी असेल. पण दुष्काळ काही शेवटचा पडलेला नाही. प्रत्येक वाईट सालाबरोबर जुन्या हक्काची जमीन घटत जाईल, अटीची वाढत जाईल, आणि कब्जेदार एक दिवस सरकारचं कूळ होऊन बसेल. तेही कुठल्या मोठ्या घोषणेविना, मामलेदार कचेरीतल्या एकेका नोंदीने.

मेहत्यांची दुरुस्ती या सगळ्यावर एकच मागते: थांबा. बिल मोडीत काढा असं ते म्हणत नाहीत. लोकांचं, संस्थांचं, तुमच्याच अनुभवी अधिकाऱ्यांचं मत मागवा, ते येईपर्यंत विचार पुढे ढकला. ‘केसरी’पासून मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या पुढाऱ्यांपर्यंत ज्यांचं एरवी कशावरही जमत नाही ते सगळे या बिलाविरुद्ध एका बाजूला आले आहेत, गावोगावचे अर्ज आले आहेत. इतका विरोध असताना घाई कशाची?

उत्तर सिमल्यात आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारचं शेतजमिनीविषयीचं धोरण पंजाबात आकाराला आलं, त्याच वाऱ्याने इथलं शीडही भरलं आहे. पण तसं या सभागृहात कुणी उघड म्हणत नाही, आणि म्हटलं तरी मतांत फरक पडणार नाही.

मतं घेतली जातात. एकेक नाव पुकारलं जातं. कानावर येणारा प्रत्येक सरकारी नकार तुम्ही बोटांवर मोजू लागता आणि मध्येच सोडून देता. दुरुस्ती पडते.

मेहता उठतात. या कायद्याची जबाबदारी आपल्याला थोडीशीही घ्यायची नाही, एवढं सांगून ते निघतात. त्यांच्यामागून भाटवडेकर, पारेख, खरे. खुर्च्या सरकल्याचा आवाज, जोड्यांचा आवाज. अधिकाऱ्यांच्या रांगेत कुणाला हे कसं घ्यावं ते कळत नाही, कारण असं काही या कौन्सिलात घडलेलं त्यांनी पाहिलेलं नाही. तुमच्याकडे सभात्याग रोज होतो. सभासद बाहेर येतात, पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर घोषणा देतात आणि चहाला जातात. इथे बाहेर कॅमेरा नाही. फार तर चिखल आणि बग्गी.

गोखले मात्र लगेच निघत नाहीत. ते उभे राहून गव्हर्नरांना उद्देशून बोलतात. मोठ्या नाइलाजाने हे करतो आहे. आपला किंवा आपल्या सहकाऱ्यांचा व्यक्तिशः अनादर करण्याचा हेतू नाही. पण इथे बसून राहिलो तर या कायद्याशी आपला दूरान्वयानेही संबंध असल्यासारखं दिसेल, आणि ते ओझं मला घेता येत नाही. अशा आशयाचं, मोजून. मग कागद गोळा करून तेही जातात. चार वर्षांपूर्वीची माफी आठवणाऱ्याला यात तोच माणूस दिसावा: तेव्हा बोललेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतली, आज न बोललेल्याचीही नाकारली.

पुस्तकं इथे त्यांच्याबरोबर दाराबाहेर पडतात. मेहता आता वरिष्ठ कौन्सिलातली जागा सोडणार, ती गोखल्यांना मिळणार, आणि १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात त्यांचं अंदाजपत्रकावरचं ते पहिलं भाषण होणार. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमचेही पाय दाराकडे वळलेले दिसतात. बसा. कायदा अजून व्हायचा आहे, आणि तो होताना बघणारे फार थोडे आहेत.

पाच रिकाम्या खुर्च्यांसमोर कामकाज सुरू राहतं. आवाज पडलेला आहे. कलम वाचलं जातं, कुणी हरकत घेत नाही, पुढचं कलम. घटकाभरापूर्वी ज्या वाक्यांवर तासन्‌तास वाद होता ती आता न अडखळता जातात. विरोधक उठून गेले याची किंमत अशीही असते. त्यांच्या निषेधाला वजन आलं खरं, पण प्रत्येक कलमाला ‘एवढा शब्द तरी बदला’ म्हणणारं कुणी उरलं नाही. ते राहिले असते तर फरक पडला असता का? बेरीज बघता नाही. तरी मला दरवेळी इथे चुटपुट लागते.

त्यातलं एक कलम कान देऊन ऐका. दिसायला ते अगदी साधं आहे, जुन्या कायद्याच्या अडुसष्टाव्या कलमाला लावलेलं एक शेपूट: सरकारी पडीत जमीन कलेक्टरने त्याला योग्य वाटेल त्या मुदतीसाठी आणि योग्य वाटतील त्या अटींवर कुणालाही वहिवाटीस देण्यास या कायद्याने बाध येणार नाही. शेजारी नवं कलम त्र्याहत्तर-अ: ज्या भागांना सरकार जाहिरातीने ते लावेल तिथे कलेक्टरच्या मंजुरीशिवाय हस्तांतर नाही. बस. इलाख्याचा १९०१ चा सहावा कायदा म्हणून तो गव्हर्नरांची संमती, मग व्हाइसरॉयची संमती घेऊन गॅझेटात छापला जाईल.

इथे बसल्या बसल्याच थोडं पुढे बघून घ्या. परक्या काळात आलेल्याला एवढी सवलत असते. गोखले पन्नाशीही न गाठता १९१५ त गेले. मेहताही त्याच वर्षी. इंग्रज गेले. मुंबई इलाखा मोडला. ते शेपूट राहिलं. आपल्याच सरकारांनी त्याच धाटणीच्या अटीवर भूमिहीनांना, सैनिकांना जमिनी दिल्या, आणि हेतू पुन्हा तोच सांगितला: गरिबाची जमीन धनदांडग्याकडे जाऊ नये. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली. महारांच्या वतनी जमिनी परत देताना याच प्रकारची अट घातली गेली. नाव ‘नवीन आणि अविभाज्य शर्त’. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. तो वर्ग १ करून घ्यायला नजराणा भरावा लागतो आणि फाईल फिरवावी लागते.

मग बरोबर कोण होतं? वतनी जमिनी अटीविना दिल्या असत्या तर शहरांच्या कडेच्या किती जमिनी आज मूळ घरांत राहिल्या असत्या, हा विचार केला की मला मॉन्टीथसाहेबांची बाजू आठवते. अट असूनही त्या कशा गेल्या, कागदावर अर्ज एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा असे व्यवहार कसे झाले, आणि घरात दवाखान्याचा खर्च उभा राहिला तेव्हा वर्ग २ च्या माणसाला बाजारभावाच्या किती खाली विकावं लागलं, हे पाहिलं की गोखल्यांची. दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी रयतेला काय हवं ते सांगितलं. मेहता मुंबईचे बॅरिस्टर, गोखले कोतळूकचे खरे पण वाढले विद्येवर, मॉन्टीथ परदेशचे. म्हणून माझा कल शेवटी त्या बिचाऱ्या दुरुस्तीकडे जातो. तिने कायदा वाईट आहे असं म्हटलंच नव्हतं. आधी विचारून या, एवढंच म्हटलं होतं. १९०१ त कुणब्याला विचारायचं म्हणजे फार काही अवघड नव्हतं. जमाबंदीसाठी साहेब गावोगाव जातच होते.

कामकाज आटोपलं. सगळे उभे राहिले, तुम्हीही राहा. गव्हर्नर निघाले की मगच हलायचं.

बाहेर पट्टेवाला वाट बघतो आहे. पाचजण अवेळी बाहेर पडले ते त्याने पाहिलं. काहीतरी बिनसलं एवढं त्याला कळलं.

“झाला का कायदा, रावसाहेब?”

“झाला.”

“म्हंजे जमीन जाणार?”

“सारा थकला आणि जप्ती झाली तर सरकारजमा होईल. मग तुमच्या भावांना परत मिळू शकेल. थकबाकी सुटेल.”

तो तुमच्याकडे संशयाने बघतो. “फुकट?”

“कसायला. विकायची नाही.”

“इकायची कुनाला हाय! बापाची हाय.”

“गहाणही टाकायची नाही. कलेक्टरसाहेबांनी परवानगी दिली तरच.”

त्याचा चेहरा आधी उजळतो. सावकाराचं तोंड डोळ्यांसमोर आलं असावं. मग तो बोटांवर हिशेब घालू लागतो. एक बैल दुष्काळात मेला आहे. रब्बीला दीड महिना राहिला.

“मग औंदा ज्वारीचं बी कुनाकडनं घ्यायचं?”